एवेलिओंचं ‘चालेल’

माझ्या साइडकारमध्ये माणसं क्वचितच बसतात, बसतात ते केक. कामागुएत कुणाच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा असला, कुणाचं लग्न ठरलं, की मला निरोप येतो. मग मी केक रचते, वर अंड्याच्या पांढऱ्या फेसाची नक्षी काढते आणि ओली चादर बांधून जावा मोटरसायकलच्या साइडकारमधून त्या घरी पोहोचवते. गाडी वडिलांची. ऊसतोडीत त्यांची टोळी पहिली आली, त्या साली बक्षीस मिळालेली. ज्या देशात ती बनली, त्या देशाचं आता ते नावही राहिलेलं नाही, मग सुटे भाग कुठून मिळणार?

एकदा भर दुपारी रस्त्यात चेन तुटली आणि लग्नाचा केक माझ्या डोळ्यांदेखत वितळून गेला. नवरीची आई रडली, मीही रडले. त्याच आठवड्यात मी फोनवर जावावाल्यांचा एक गट सुरू केला. वाटलं होतं, आसपासचे पाच-दहा जण येतील. बघता बघता पिनार देल रिओपासून बाराकोआपर्यंत, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं जमली. कुणाची गाडी बापाची, कुणाची सासऱ्याची, कुणी दोन मोडक्या जोडून एक केलेली. मी नियम एकच ठेवला होता: विचारणाऱ्याला हसायचं नाही.

एवेलिओ सान्तिएस्तेबान या गटात आले आणि गटाचा आवाजच झाले. राहायला मोरोनला. सगळी हयात बेसबॉलचे अंपायर म्हणून गेलेली. या गावचा सामना, त्या गावचा सामना असं करत प्रांतभर जावावरून हिंडायचे आणि गाडी बिघडली की रस्त्याकडेला बसून स्वतःच खोलायचे. त्यांची बोटं जाड, फोनवर टाइप करायला गेले की भलतंच काहीतरी उमटायचं. म्हणून ते बोलूनच निरोप पाठवत. मागे कोंबड्यांचा कलकलाट आणि पुढे त्यांचा घोगरा आवाज: “ऐक रे बाबा.” प्रत्येक निरोपाची सुरुवात ठरलेली. बाराकोआच्या एकाची गाडी काही केल्या धड चालत नव्हती, तर एवेलिओंनी त्याला आठवडाभर रोज फोन सायलेन्सरजवळ धरायला लावला. ऐकायचे, काहीतरी बदलायला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचे. पोरं त्यांची थट्टा करत, अंपायर, कान आहेत पण डोळे तपासून घ्या म्हणत. ते म्हणायचे, “मैदानावर माझ्या आईचा उद्धार झालाय रोज. तुमचं काय एवढं.”

योस्वेल गेल्या वर्षी गटात आला. काबाइगुआनचा न्हावी. कात्री-वस्तऱ्याची पेटी मागे बांधायची आणि तंबाखूच्या मळ्यांवर, डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन लोकांचे केस कापायचे, असा त्याचा धंदा. त्याच्या पुढच्या ब्रेकचे लायनर झिजून लोखंडाला लागले होते. नवे कुठेच मिळत नव्हते. एवेलिओंनी त्याला सांगितलं की ट्रकचं टाकून दिलेलं लायनर मिळव, त्याचा तुकडा कानशीने घासून मापाचा कर, ब्रेकच्या शूला चिकटव आणि वर तांब्याचे रिव्हेट ठोक, म्हणजे तो सुटणार नाही. योस्वेलला लायनर मिळालं, चिकटवणही मिळाली. रिव्हेट मात्र मिळाले नाहीत. त्याने विचारलं, नुसतं चिकटवून चालेल का? एवेलिओ म्हणाले, आधी रिव्हेट शोध. दोन दिवसांनी त्याने परत विचारलं. मग परत. गिऱ्हाइकं खोळंबली होती, घरी आई आणि लहान बहीण. शेवटी एवेलिओंचा निरोप आला: “बरं बाबा. चिकटवण चांगली असेल तर चालेल. नीट दाबून ठेव, घाई करू नकोस. चालेल.” योस्वेलने खूश होऊन अंगठा पाठवला. मी तेव्हा अंडी फेटत होते. हे सगळं ऐकलं आणि विसरूनही गेले.

फोमेंतोच्या रस्त्यावर एक लांबलचक उतार आहे. तिथे तो तुकडा सुटला, चाकाच्या ड्रममध्ये अडकला आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. योस्वेल हँडलवरून पुढे फेकला गेला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावा पाय मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याच्या बहिणीने दवाखान्यातला फोटो आमच्या गटावर टाकला. खाली लिहिलं, तुम्हीच सांगितलंत ना असं करायला?

मग जे व्हायचं ते झालं. ज्याला ठाऊक नाही त्याने तोंड उघडू नये, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला मोठेपणा हवा असतो. एवेलिओंचा तो जुना निरोप कुणीतरी शोधून काढला आणि परत टाकला, मग दुसऱ्याने परत टाकला. वर त्या पोराचा प्लास्टरमधला पाय आणि खाली तो मऊ, घोगरा आवाज: चालेल. मला ते ऐकवेना. सगळ्यांत पुढे ओल्गीनचा ओरेस्तेस होता. तोही जाणकार माणूस, फटकळ, आणि एवेलिओंचा जरासा हेवा करणारा.

संध्याकाळी एवेलिओंनी पहिल्यांदाच बोलण्याऐवजी लिहिलं. अक्षरं चुकलेली होती, अर्थ मात्र लखलखीत. चूक माझी. पोराने विचारलं, मी हो म्हटलं. त्याला कुणी बोलू नका. एवढं लिहून ते गटातून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ओरेस्तेसने मला फोन केला. एवेलिओंचे सगळे जुने निरोप पुसून टाक, म्हणाला, त्यावर विसंबून आणखी कुणी मरेल.

मी विचारलं, “ओरेस्तेस, तुझ्या गाडीचा पुढचा दिवा कुणाच्या सांगण्यावरून लागतो?”

तो म्हणाला, “दिवा लागला नाही तर माणूस थांबतो, नेरेइदा. ब्रेक लागला नाही तर थांबत नाही.”

त्याचं चूक नव्हतं. तरी मी काही पुसलं नाही. अर्ध्या बेटाच्या गाड्या त्या निरोपांवर चालत होत्या.

एवेलिओ माझा फोन घेत नव्हते. चार-पाच दिवसांनी त्यांच्या बायकोने, ओर्तेन्सियाने घेतला. ती दबक्या आवाजात बोलत होती. म्हणाली, फोन त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवलाय, मीच तो बाहेर काढून बोलतेय. गाडीवर चादर टाकलीय. मागच्या ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसतात, जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणतात. “सामना हरल्यावर खेळाडू असे बसलेले मी पाहिलेत,” ती म्हणाली. “अंपायर नाही पाहिला.”

मग मी योस्वेलला फोन लावला. त्याला राग आलेला असणार हे ठाऊक होतं. आलेलाच होता, पण मला वाटलं होतं त्या गोष्टीचा नव्हता.

“सगळ्या देशाला सांगितलं त्यांनी, ‘चूक माझी’,” तो म्हणाला. “मला फोन नाही केला. पाय माझा मोडला ना?”

या वाक्यानंतर मला घरात बसवेना. पेट्रोलची तेव्हा बोंब होती. शेजारच्या दोघांनी आपापल्या टाकीतलं काढून दिलं, त्यांना मी त्यांच्या नातवंडांच्या वाढदिवसाचे केक कबूल केले. पहाटे निघाले आणि ऊन चढायच्या आत मोरोनला पोहोचले.

एवेलिओ खरंच भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच समोर बघत होते. आवाजावरून मला धिप्पाड माणूस वाटला होता. हे तर बुटके, बारकेसे, सदऱ्यात हरवलेले.

मी सरळ मुद्द्यावर आले. योस्वेल तुमच्या फोनची वाट बघतोय म्हटलं.

“शिव्या द्यायला.”

“हो, शिव्या द्यायलाच. मग घ्या की. आयुष्यभर घेतल्यात.”

“त्या वेगळ्या होत्या, पोरी,” ते म्हणाले. “तिथे मी बरोबर असायचो.”

ओर्तेन्सिया दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, दोन सदरे, एक विजार आणि दाढीचा साबण एका पिशवीत भरून बाहेर आली. ती पिशवी आणि त्यांची हत्यारांची थैली तिने माझ्या साइडकारमध्ये ठेवली आणि नवऱ्याला टोपी आणून दिली. एवेलिओंनी तिच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि साइडकारमध्ये जाऊन बसले.

वाटेत उसाचा रस प्यायला थांबलो तेव्हा ते आपणहून बोलले. म्हणाले, त्या पोराच्या आवाजात मला त्याची घाई ऐकू येत होती. तो परत परत विचारत होता आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा बारीक होत होता. “भरलेल्या मैदानात मी लोकांना बाद दिलंय, नेरेइदा. ज्याची आई, बायको समोर बसलीय त्याला बाद दिलंय. जीभ अडली नाही. आणि इथे एका पोराला नाही म्हणवेना.” रस त्यांनी अर्धाच प्यायला.

काबाइगुआनला योस्वेलच्या आईने दार उघडलं. तिचं नाव मिगदालिया. उंच, हाडकुळी बाई, हाताला लसणीचा वास. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टोपी हातात धरून उभ्या असलेल्या एवेलिओंकडे, आणि तिला कळलं. बसा म्हणाली नाही, बाजूला मात्र झाली.

योस्वेल पुढच्याच खोलीत खाटेवर होता. पाय उशांवर, एक हात गळ्यात बांधलेला.

“तुम्ही का अंपायर?” तो म्हणाला. “आवाजावरून मोठे वाटला होतात.”

“सगळ्यांनाच वाटतो.”

“चालेल म्हणालात.”

“म्हणालो.”

“तुम्ही स्वतः कधी नुसतं चिकटवून चालवली होती?”

एवेलिओंनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “नाही. कधीच नाही. माझ्या गाडीला पहिल्यापासून रिव्हेट आहेत.”

“मग कशावरून म्हणालात?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

मग योस्वेलने तोंड उघडलं. दवाखान्यात पडल्या पडल्या साठवलेलं सगळं त्याने बाहेर काढलं. सुटलेली गिऱ्हाइकं, आईने उसन्या सायकलवरून घातलेल्या खेपा, आंघोळीलाही दुसऱ्याचा हात लागतो त्याची लाज, हे सगळं सांगत मध्ये मध्ये अशा शिव्या देत होता की त्याच्या आईने दोनदा त्याला नावाने हाक मारली. एवेलिओ उभ्या उभ्या ऐकत राहिले. एकदाही मध्ये बोलले नाहीत, मानही खाली घातली नाही. शेवटी योस्वेललाच धाप लागली.

“बसा आता,” तो म्हणाला. “वर बघून बघून माझी मान दुखायला लागली.”

मिगदालिया मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. कॉफीचं भांडं चुलीवर ठेवताना म्हणाली, हा माणूस दारातच रडायला लागला असता, सबबी सांगत बसला असता, तर मी त्याला आल्या पावली हाकलला असता. “खरं बोलला, म्हणून ही कॉफी. माफ केलंय असं समजू नका.”

मला शनिवारी एका लग्नाचा केक द्यायचा होता, म्हणून मी परत निघाले. एवेलिओ म्हणाले, मी आज चाक खोलून बघतो, उद्या एखाद्या ट्रकने जातो मोरोनला. ते उद्या गेले नाहीत, त्या आठवड्यातही गेले नाहीत. चाक वाकलं होतं, पुढच्या चाकाचा फोर्क वाकला होता, दिव्याचा चेंदामेंदा झाला होता. ओसरीवर त्यांना एक खाट मिळाली. गाडीचं काम करून उरलेल्या वेळात त्यांनी दुसरंच एक काम अंगावर घेतलं. योस्वेलचा हात गळ्यातून सुटल्यावर त्यांनी गल्लीत बातमी केली की न्हावी घरीच बसून केस कापतोय. अंगणात आंब्याच्या झाडाखाली खुर्ची मांडायची, योस्वेलला उंच स्टुलावर बसवायचं, त्याचा पाय खोक्यावर टेकवायचा, आरसा धरायचा, केस झाडायचे. गिऱ्हाईक जरा बसक्या खुर्चीत बसे, म्हणजे योस्वेलचा हात पोहोचे. मळ्यांवरची माणसंही घोड्यावरून येऊ लागली.

पुढचं मला मिगदालियाने सांगितलं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. योस्वेल एवेलिओंना म्हणाला, अंपायर, तोंड बघा आरशात, बसा, दाढी करतो. ते बसले. त्याने साबण फासला, त्यांची मान मागे टेकवली, वस्तरा हातात घेतला आणि तसाच थांबला.

“वस्तरा जरा बोथट आहे,” तो म्हणाला. “चालेल?”

साबणाच्या फेसातून आवाज आला, “नाही. चालणार नाही. धार लाव.”

योस्वेल हसायला लागला. पडल्यापासून तो हसला नव्हता, मिगदालिया म्हणाली. हसता हसता त्याचं मोडलेलं हाड दुखायला लागलं तरी थांबेना. मग त्याने चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याला व्यवस्थित धार लावली आणि डोळे मिटून बसलेल्या त्या म्हाताऱ्याची गुळगुळीत दाढी केली. त्या दिवसापासून मिगदालिया एवेलिओंना आपल्या ताटाशेजारी वाढू लागली.

मी गटावर सगळ्यांना सांगितलं होतं की एवेलिओ कुठे आहेत आणि काय करताहेत. फार कुणी काही बोललं नाही. पण एका सकाळी एक ट्रकवाला माझ्या दाराशी थांबला आणि कागदात गुंडाळलेली एक जड पुडी देऊन गेला. आत तांब्याचे रिव्हेट होते. पुडीवर नाव नव्हतं, पण ट्रक ओल्गीनहून आला होता. मी ती दुसऱ्या ट्रकने काबाइगुआनला धाडली. ओरेस्तेसला मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

प्लास्टर निघालं, योस्वेल काठी घेऊन आणि मग काठीशिवाय चालू लागला. डावा पाय किंचित ओढतो, तो आता तसाच राहणार असं डॉक्टर म्हणाले. गाडी बाहेर काढायचा दिवस ठरला तेव्हा मला बोलावणं आलं. मी पेरूच्या मुरंब्याचा छोटा केक घेऊन गेले.

गाडी अंगणात उभी होती. दिवा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता, रंगही दोन प्रकारचा होता. योस्वेल तिच्याभोवती फिरला, पण बसेना. मिगदालियाने अट घातली की आधी अंपायर जातील, आणि गल्लीत नाही, उतारावर. एवेलिओंनी किक मारली. आम्ही सगळे उताराच्या माथ्यावर जाऊन उभे राहिलो. मिगदालियाने उताराकडे पाठ केली आणि नुसतं ऐकत राहिली. गाडीचा आवाज खाली खाली गेला, थांबला, परत सुरू झाला, परत थांबला. ते मुद्दाम जागोजागी ब्रेक दाबत होते. मग वर येऊन त्यांनी गाडी योस्वेलच्या पुढ्यात उभी केली आणि चाकाजवळ वाकून ड्रमला हात लावून पाहिला.

“आता तू,” ते म्हणाले. “वाटलं तर.”

योस्वेल गाडीवर बसला. त्याने कोपऱ्यापर्यंतच नेली, वळवली, परत आणली. येताना मात्र जरा वेगात आला. उतरल्यावर आम्हाला वाटलं आता काहीतरी बोलेल, डोळ्यांत पाणी येईल. तो म्हणाला, “ब्रेक झकास आहे. पण क्लच दाबला की आतून काहीतरी किरकिरतं.”

एवेलिओंनी त्याला परत दाबायला लावला. कान जवळ नेला. सोड म्हणाले, परत दाब. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “हा आवाज मी कधी ऐकलेला नाही. गटावर विचार.”

योस्वेल म्हणाला की तुम्ही तर गटात नाही. मी तिथल्या तिथे त्यांना परत घेतलं. तांदळाच्या डब्यातला फोन ओर्तेन्सियाने कधीच एका ट्रकवाल्याबरोबर पाठवला होता, तो त्यांच्या खिशातच होता. योस्वेलने किरकिर टिपून घेतली आणि टाकली. खाली लिहिलं की ब्रेकचं काम झालं, आता हे काय आहे कुणी सांगेल का.

पहिलं उत्तर ओल्गीनहून आलं. ओरेस्तेसने दोन प्रश्न विचारले, मग म्हणाला, मला वाटतं क्लचच्या प्लेटा झिजल्यात, पण खात्री नाही. उघडून बघितल्याशिवाय लांब जाऊ नकोस. त्याच्या पाठोपाठ बाराकोआ बोललं, मग पिनार देल रिओ, मग कोण कोण. प्रत्येकाचं मत वेगळं होतं. एवेलिओंनी खोकं ओढलं, त्यावर बसले, चष्मा लावला आणि फोन कानाशी धरून एकेक निरोप ऐकू लागले. मध्येच योस्वेलला थांबवून एखादा परत ऐकायला लावत होते. मिगदालियाने आतून जेवायला हाक मारली. भात थंड होतोय म्हणाली. कुणी उठलं नाही, तेव्हा तिने ताटं बाहेर अंगणातच आणून दिली.